बिली प्रेस्टनसारखी ऑर्गनची साथ कशी शिकायची?

सांगलीच्या एका मुलीने विचारलं आहे: "सर, मी चार वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते. बीटल्स या इंग्लिश बँडच्या गच्चीवरच्या कार्यक्रमाचं चित्रण बघताना इलेक्ट्रिक पियानोवर बसलेला बिली प्रेस्टन दिसला आणि मग त्याचा ऑर्गन ऐकतच सुटले. एवढ्या मोठ्या लोकांनी त्यालाच का बोलावलं? त्याच्यासारखं सेशन प्लेयर व्हायला पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन यावंच लागतं का? कोणतं वाद्य घेऊ? आणि यावर पोट भरतं का?"

वयाने तू माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून 'तू'च म्हणतो. मी नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या चर्चमध्ये पायपेटी वाजवत वाढलो. १९८४ पासून मुंबईत सेशनला, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला पैसे घेऊन, कीबोर्ड वाजवतोय. प्रेस्टन हा माझ्या लेखी या कामातला सगळ्यात मोठा माणूस, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

ऑर्गन म्हटलं की मराठी कानात आधी संगीत नाटक वाजतं. नांदीला मिळणारा तो भरीव सूर पायाने भाता मारून, रीडमधून हवा सोडून काढलेला असतो. प्रेस्टनचा हॅमंड ऑर्गन त्या घराण्यातला नाही. त्यात हवाच नाही. लॉरेन्स हॅमंड हा शिकागोचा इंजिनिअर विजेवर चालणारी घड्याळं बनवायचा. घड्याळाची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीला धरून एकसारखी फिरते. तीच युक्ती वापरून त्याने लोखंडी दातेरी चाकं लोहचुंबकापुढे फिरवली आणि सूर तयार केले. १९३५ मध्ये पहिलं मॉडेल आलं. पुढे गाजलेल्या बी-३ मध्ये अशी ९१ चाकं आहेत. सूर विजेला बांधलेला असल्याने एक गंमतही होते: अमेरिकेतली ६० हर्ट्झची मशीन आपल्या ५० हर्ट्झवर तशीच लावली, तर सगळा ऑर्गन जवळजवळ कोमल गंधाराएवढा खाली उतरतो. पट्टी काळी एकची आणि वाजतंय भलतंच.

पण तुझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या वाद्याला बोटाचा जोर कळत नाही. पियानोवर जोरात दाबलंस तर आवाज मोठा, हलकं दाबलंस तर लहान, आणि सूर आपोआप विरत जातो. हॅमंडवर हळू दाब की आपट, सूर तेवढाच येतो आणि बोट उचलेपर्यंत हलत नाही. आवाज कमीजास्त करायचा तो उजव्या पायाखालच्या पेडलने. रंग बदलायचा तो ड्रॉबारने, म्हणजे आतबाहेर सरकवायच्या दांड्यांनी. प्रत्येक संचात नऊ ड्रॉबार असतात, आणि प्रत्येक ड्रॉबार सुरात एकेक वरचा किंवा खालचा स्वर मिसळतो. थरथर आणायची ती लेस्ली स्पीकरने. त्याच्या लाकडी खोक्यात भोंगे खरोखरच गोल फिरतात, संथ असताना मिनिटाला चाळीसेक फेरे आणि जलद असताना चारशेच्या आसपास. संथावरून जलदवर जायला भोंग्याला थोडा वेळ लागतो. तो चढण्याचा वेळ हीच ऑर्गनवाल्याची मींड.

म्हणजे पियानोवाला सूर लावण्यात कसबी असतो, तर ऑर्गनवाल्याचं कसब सूर सोडण्यात असतं. बोट कधी उचलायचं हे ज्याला कळलं त्याला ऑर्गन आला. बाकीचे कीबोर्डवर ऑर्गनचा टोन लावून पियानो वाजवत राहतात, आणि ऑर्केस्ट्रातल्या ऐंशी टक्के वादकांचं तेच होतं.

आता प्रेस्टन. २ सप्टेंबर १९४६ ला ह्यूस्टनमध्ये जन्म, वाढला लॉस एंजेलिसमध्ये. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिच्या मांडीवर बसून तो तिसऱ्या वर्षापासून पियानो चाचपू लागला. शिक्षक कोणी नाही, सगळं कानाने. दहाव्या वर्षी तो माहेलिया जॅक्सनसारख्या थोर गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या, गायिकेला साथ करत होता.

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमध्ये ऑर्गनवाल्याचं काम काय असतं, हे तुला सांगलीत बसून कळू शकतं. वारकरी कीर्तनात बुवा बोलायला लागले की पेटीवाला सूर धरून ठेवतो. बुवा दृष्टांत सांगतात, आवाज चढतो, बोलणं हळूहळू गाण्याकडे झुकतं, आणि पेटीवाल्याला कोणी खूण न करता कळतं की आता अभंगाच्या चालीवर जायचंय. गॉस्पेल चर्चमध्ये हेच होतं. पाळकाचं प्रवचन अर्ध्या तासाने सुरावर चढतं, प्रत्येक वाक्यानंतर तो श्वास घेतो, आणि त्या श्वासाच्या जागेत ऑर्गन उत्तर देतो. वाक्य चालू असताना ऑर्गन मध्ये घुसला तर लोकांना शब्द ऐकू येत नाहीत. उत्तर उशिरा आलं तर पाळकाचा ओघ तुटतो. हे काम लहानपणापासून दर रविवारी करणाऱ्या मुलाच्या अंगात समोरच्याचा श्वास ओळखायची सवय मुरते. प्रेस्टनला सगळ्यांनी का बोलावलं, याचं माझं उत्तर एवढंच आहे: त्याने साथ माणसाच्या बोलण्याबरोबर शिकली होती.

१९६२ मध्ये सोळाव्या वर्षी तो रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डच्या ताफ्यातून इंग्लंडला आणि तिथून हॅम्बुर्गला गेला. त्याच दौऱ्यात लिटल रिचर्डच्या आधी स्टेजवर येणारी एक होतकरू मंडळी होती, बीटल्स. ओळख तिथली. पुढे टेलिव्हिजनच्या वाद्यवृंदात काम, स्वतःच्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्ड आणि मग गायक-पियानोवादक रे चार्ल्सकडे नोकरी.

जानेवारी १९६९. लंडनमध्ये बीटल्सचं काम बिनसलेलं होतं. १० तारखेला त्यांचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन उठून निघून गेला होता, मग समजूत पटून परत आला. प्रेस्टन तेव्हा लंडनला आला होता. हॅरिसनने त्याला गाठलं, आणि २२ तारखेला तो सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या बीटल्सच्या तळघरातल्या स्टुडिओत सहज भेटायला म्हणून आला. इलेक्ट्रिक पियानो रिकामा होता, त्यावर बसला. २०२१ साली आलेल्या माहितीपटात तो क्षण सगळ्यांना पाहायला मिळाला. काही मिनिटांत चौघांचे चेहरे उजळतात. मी ते चित्रण किती वेळा पाहिलं याची गणतीच नाही, आणि दर वेळी फक्त त्याचे हात बघतो. 'डोन्ट लेट मी डाउन'मध्ये बीटल्सपैकी गाणाऱ्या जॉन लेननची ओळ संपते तिथे पियानोचं एक छोटं उत्तर येतं आणि पुढच्या ओळीच्या आत ते मिटलेलं असतं. कुठेही त्याने गाणं आपल्याकडे ओढलेलं नाही. चर्चमधला पाळक जाऊन लेनन आला, एवढाच फरक. ३० जानेवारीला गच्चीवर तो त्यांच्याबरोबर होता, आणि 'गेट बॅक'ची रेकॉर्ड निघाली तेव्हा लेबलवर छापलं होतं: बीटल्स, सोबत बिली प्रेस्टन. त्याच वर्षीच्या 'समथिंग'मध्ये त्याचा ऑर्गन ऐक. पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना ऑर्गन आहे हेही जाणवत नाही. तो काढून टाकला असता तर मात्र गाणं उघडं पडलं असतं.

इथे माझी एक आठवण सांगतो. पहिल्या वर्षी मला एका मोठ्या गाण्याच्या शिफ्टला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदाच शंभर टक्के जीव ओतून वाजवत होतो, गाण्यातली प्रत्येक रिकामी जागा भरत होतो. दुसऱ्या टेकनंतर अरेंजर, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते ठरवणारे, काचेपलीकडून बाहेर आले, वयस्कर गोवेकर, माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाई श्वास घेते तेव्हा तूही घे रे. तू तर तिच्या श्वासावर वाजवतोस." त्यांनी मला काढलं नाही. तिसऱ्या टेकला मी डावा हात मांडीवर ठेवला. तो टेक ठेवला गेला. त्या दिवशी घरी येऊन मी प्रेस्टनच्या रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतल्या, आणि तोवर मला त्या ऐकताच येत नव्हत्या हे कळलं.

नोटेशनचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याचे वादक एवढे का होते? कारण गावोगावच्या चर्चशाळांमध्ये मेस्त, म्हणजे संगीत शिक्षक, मुलांना लहानपणीच सोल्फा (पाश्चात्य सरगम) आणि स्टाफ नोटेशन शिकवायचे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही माणसं त्या परंपरेतली. चर्च तिकडेही आणि इकडेही, पण गोव्याच्या चर्चने कागद वाचायला शिकवलं आणि प्रेस्टनच्या चर्चने माणूस वाचायला. पन्नास वादक एकाच वेळी एका खोलीत बसून एका टेकमध्ये गाणं करत होते, तोवर मुंबईत कागदाशिवाय चालतच नव्हतं. आज तसं रेकॉर्डिंग क्वचित होतं. तरी नोटेशन शीक, सहा महिन्यांत कामापुरतं येतं आणि ते न आल्यामुळे हातचं काम जाणं वाईट. फक्त ते आधी आणि कान नंतर, असा क्रम लावू नकोस. कॉर्ड चार्ट, म्हणजे नुसती कॉर्डची नावं लिहिलेला कागद, बघून कोणत्याही पट्टीत लगेच वाजवता येणं हे त्याहून जास्त वेळा उपयोगी पडेल, कारण गायक ऐन वेळी पट्टी बदलतात.

प्रेस्टन एकटाच नव्हता, हेही सांगायला हवं. अमेरिकेत मेम्फिसला स्टॅक्स नावाच्या रेकॉर्ड कंपनीत बुकर टी. जोन्स पगारी वादक होता. १९६२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डिंगमधून उरलेल्या वेळात त्याच्या चमूने वाजवलेली 'ग्रीन अनियन्स' ही धून जगभर गेली. पैसे मिळू लागल्यावरही तो इंडियाना विद्यापीठात संगीत शिकायला गेला आणि सुट्टीला परत येऊन सेशन वाजवत राहिला. त्याचा ऑर्गन प्रेस्टनपेक्षा कितीतरी कोरडा आणि कमी बोलणारा आहे. मला विचारशील तर नवशिक्याने आधी बुकर टी. ऐकावा, मग प्रेस्टन. आणि अलाबामातल्या मसल शोल्सचा स्पूनर ओल्डहॅम. जानेवारी १९६७ मध्ये गायिका अरेथा फ्रँकलिनच्या सेशनला गाण्याची सुरुवात कुणालाच सापडत नव्हती. ओल्डहॅमला वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोवर एक साधी लडी सापडली आणि बाकी सगळे तिच्यामागे लागले. अरेथाचं पुढचं सगळं यश तिथून सुरू झालं.

आता पोटाचा प्रश्न, तोही गोड करून सांगणार नाही. वाजवण्याचे पैसे एकदा मिळतात आणि गाणं पन्नास वर्षं वाजतं. 'गेट बॅक'च्या लेबलवर प्रेस्टनचं नाव आलं, पण रचना लेनन-मॅकार्टनी यांच्या नावावर आहे. उलट 'यू आर सो ब्यूटिफुल' हे गाणं त्याने ब्रूस फिशरबरोबर स्वतः लिहिलं होतं. ते जो कॉकरने गायलं आणि जगभर पसरलं, तेव्हा रचनाकार म्हणून हक्क या दोघांचा होता. इंग्लंडमध्ये मॅथ्यू फिशर या ऑर्गनवाल्याचा खटला या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावा. १९६७ च्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' या गाण्याची ओळख असलेली ऑर्गनची धून त्याची. अडतीस वर्षांनी तो कोर्टात गेला, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्याचा संगीतात ४० टक्के वाटा कायम ठेवला, पण दावा लावला तेव्हापासूनच्या उत्पन्नात. मधली वर्षं गेली ती गेलीच. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि व्यावसायिक वापरासाठी केलेल्या सादरीकरणावर कलाकाराला रॉयल्टीचा हक्क मिळाला. कायदा आहे म्हणून पैसे आपोआप दारात येत नाहीत. म्हणून सेशनला गेलीस की तारीख, गाण्याचं नाव, कोणतं वाद्य आणि कोणाचं काम, हे वहीत लिही. गाण्याची ओळख ठरणारी धून तुझी असेल, तर ती देण्याआधी बोल, नंतर नाही. माझ्या पिढीने हे केलं नाही आणि त्याची किंमत कित्येक घरांनी म्हातारपणी मोजली.

प्रेस्टनचं स्वतःचं नावही झालं. १९७२ चं 'आउटा स्पेस' हे क्लॅव्हिनेट या इलेक्ट्रिक कीबोर्डवरचं वाद्यसंगीत. क्लॅव्हिनेटमध्ये खऱ्या तारा असतात, पट्टी दाबली की रबराचं टोक तारेवर आपटतं. प्रेस्टनने तो आवाज गिटारवाल्यांच्या वा-वा पेडलमधून काढला. कंपनीने ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, पण रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून वाजवली आणि ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, ग्रॅमीही मिळालं. मग १९७३ आणि १९७४ मध्ये दोन गाणी पहिल्या क्रमांकावर. याच वर्षांत तो रोलिंग स्टोन्सबरोबर रेकॉर्डिंग आणि दौरेही करत होता.

आपला धागाही इथे जुळतो. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी रविशंकर आणि हॅरिसन यांनी मैफल केली. अली अकबर खाँ, अल्लारखाँ त्यात होते, आणि प्रेस्टनही. त्याचं भजनासारखं गाणं चढत जातं आणि शेवटी तो ऑर्गन सोडून स्टेजवर नाचायला लागतो. तो नाच चर्चमधलाच. १९७४ च्या हॅरिसनच्या अमेरिका दौऱ्यात रविशंकरांचा भारतीय चमू आणि प्रेस्टन एकाच स्टेजवर येत होते, आणि त्या चमूत हरिप्रसाद चौरसिया आणि शिवकुमार शर्मा होते. ही दोघं मुंबईच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं सेशन वाजवलेली माणसं. तीन सेशन वादक तीन वेगळ्या वाद्यांवर, एका दौऱ्यात. हे वाचलं की मला फार बरं वाटतं.

शेवटची वर्षं जड गेली. व्यसन, कोर्ट, १९९० च्या दशकात तुरुंग, मग मूत्रपिंडाचा आजार. २९ नोव्हेंबर २००२ ला लंडनमध्ये हॅरिसनच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात तो 'माय स्वीट लॉर्ड' गायला. त्याच वर्षी त्याच्यावर मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालं होतं. मे २००६ मध्ये आलेल्या रेड हॉट चिली पेपर्स या बँडच्या अल्बमवर त्याचं क्लॅव्हिनेट आहे. ६ जून २००६ ला तो गेला, एकोणसाठ वर्षांचा. व्यसनाचं मुद्दाम लिहितोय, कारण या कामात रात्री बाहेर जातात आणि ऑर्केस्ट्रात तू ते रोज पाहत असशील. तब्येत हाही वाद्याचाच भाग धर.

वाद्य कोणतं घ्यायचं? खरा बी-३ विसर. पेडल आणि बाकासकट त्याचं वजन १९० किलोच्या घरात जातं आणि दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही. 'ग्रीन अनियन्स'सुद्धा बी-३ वर नाही, एम-३ नावाच्या घरगुती छोट्या मॉडेलवर वाजलेलं आहे. तुझ्या कीबोर्डला लॅपटॉप जोड आणि ऑर्गनचं एखादं सॉफ्टवेअर घे. एकच खर्च टाळू नकोस, आवाज कमीजास्त करणारा पायाचा एक्स्प्रेशन पेडल. त्याच्याशिवाय ऑर्गन नसतोच. टोन लावल्यावर कीबोर्डचं टच सेन्सिटिव्ह बंद कर, म्हणजे सगळे सूर सारखे येतील. ड्रॉबार पहिले तीन पूर्ण बाहेर, बाकी सगळे आत, एवढ्यावर दोन महिने काढ. सूर लांबवणारा सस्टेन पेडल काढून कपाटात ठेव.

आणि रियाज असा कर. गावातल्या कीर्तनाचं एखादं रेकॉर्डिंग घे, बुवा नुसते बोलताहेत तो भाग. डाव्या हाताने षड्ज-पंचम धरून ठेव, आवाज अगदी बारीक. उजव्या हाताला फक्त तीन सूर दे. बुवा बोलत असताना उजवा हात उचललेला पाहिजे. ते श्वास घेतील तेव्हाच वाजव आणि पुढचा शब्द यायच्या आत बोट उचल. पायाने आवाज त्यांच्या आवाजाबरोबर चढव आणि उतरव. पहिले आठ दिवस तू दर वेळी उशिरा सोडशील. रोज वीस मिनिटं कर, रेकॉर्ड कर, पण त्याच दिवशी ऐकू नकोस. महिन्याने पहिल्या दिवसाचं आणि शेवटच्या दिवसाचं लागोपाठ ऐक, डोळे मिटून, आणि ऑर्गनकडे लक्ष न देता फक्त बुवांचे शब्द सगळे कळताहेत का ते बघ.